कोपऱ्यातली कळ

आधी एक कोडं घालते. खाडीच्या बांधावर बारा दारं आहेत. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत चालत जायचं तर चांगला अर्धा तास लागतो. माणूस एकच आहे आणि त्याला बाराही दारं एकाच क्षणी बंद करायची आहेत. कशी करील?

मी लहान असताना माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, मला हे कोडं घातलं, तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं होतं, "जोरात पळत!" आबा एवढे हसले, एवढे हसले, की त्यांची कवळी बाहेर यायची तेवढी राहिली. खरं उत्तर मात्र सांगेनात. "तुझं तूच सांगशील कधीतरी," म्हणाले. मला असा राग आला होता म्हणून सांगू! आबांचं हे नेहमीचंच आहे.

मी वैजयंती मयेकर. सगळे वैजू म्हणतात. आमचं गाव खारमाळ, अगदी खाडीच्या काठाला. आबांच्या लहानपणी समुद्र होता त्यापेक्षा आता तो हातभर वर आलाय, त्यामुळे आमची भातशेती बांधाच्या भरवशावर चालते. बांधात बारा उघाड्या आहेत. उघाडी म्हणजे पाण्याचं दार. डोंगरावरून आलेलं पावसाचं गोडं पाणी शेतात साठलं की उघाडी उघडून ते खाडीत सोडायचं, आणि भरती येऊ लागली की उघाडी बंद करायची, म्हणजे खारं पाणी आत शिरत नाही. गंमत अशी, की भरती खाडीच्या मुखाशी आधी येते आणि गावाकडे उशिरा पोचते. मुखाकडची दारं बंद झाली तरी गावाकडची आणखी थोडा वेळ पाणी बाहेर सोडू शकतात. तो थोडा वेळ साधला नाही, तर गोड्या पाण्यानेसुद्धा शेत बुडतं.

हे सगळं काम खंड्या करायचा. खंड्या म्हणजे आबांनी बनवलेलं यंत्र. बांधावरच्या खोपटात बसलेलं, निळ्या रंगाचं आणि पुढे चोचीसारखी लांब तार असलेलं. आबा आयुष्यभर समुद्रशास्त्रज्ञ होते आणि निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी हेच पहिलं केलं. प्रत्येक दाराच्या आत एक आणि बाहेर एक असे संवेदक (पाण्याची उंची मोजून कळवणारी यंत्रं) बसवले. खंड्या मिनिटामिनिटाला सगळे आकडे वाचायचा आणि दारं उघडायचा, मिटायचा.

मग परतीच्या पावसात एकदा कडाडून वीज पडली आणि खंड्याची स्मृती धुऊन निघाली. पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत होती. आबांचा खास कीबोर्ड जळून त्याचा कोळसा झाला. गावाचं नेटही गेलं. आणि कोजागरीचं उधाण तोंडावर आलेलं! वर्षातली सगळ्यात मोठी भरती, ऐन दुपारी.

"आता गो काय करायचं?" आई म्हणाली. तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. तिच्या शेतात राता भात होतं. राता खाऱ्या जमिनीत तगतो, पण तो तेव्हा फुलोऱ्यात होता, आणि फुलोऱ्यात पाणी कणसावर चढलं की दाणा भरतच नाही. गेल्या वर्षी अख्ख्या गावाचं बी खराब झालं होतं. चांगलं बी होतं ते फक्त आईच्या एका शेतात, मुखाजवळच्या. ते गेलं असतं तर पुढल्या वर्षी खारमाळात पेरायला मूठभर राता उरला नसता.

दारं हातानं बंद करा म्हणाल, तर पूर्वी तसंच करायचे. बांधावर बारा घरं होती, प्रत्येक घराचं एक दार. भरती दिसली की आबांचे वडील शंख फुंकायचे आणि बारा घरांतली माणसं आपापलं दार सोडायची. आता त्यातली नऊ घरं कुलूप लावून गेली. शंख आमच्या देव्हाऱ्यात आहे.

"आबा, तुम्ही खंड्याला पुन्हा शिकवा," मी म्हणाले.

"कशानं शिकवू? डोळ्यांनी की बोटांनी?" आबा करवादले. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा आणि डॉक्टरांची सक्त ताकीद, पडद्याकडे बघायचं नाही. "आणि माझा कीबोर्ड गेला. खंड्याच्या भाषेत अशी चिन्हं आहेत, जी साध्या कीबोर्डवर नाहीतच."

"कुठली भाषा?"

"ॲरे भाषा," आबा म्हणाले. ॲरे म्हणजे आकड्यांची आखीव रांग किंवा चौकट. "ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके असतात ना ओळीनं? तसे आकडे मांडलेले. आणि या भाषेत तू एका आकड्याशी बोलत नाहीस. अख्ख्या रांगेशी बोलतेस."

मी शाळेतला जुना कीबोर्ड सायकलवर बांधून आणला. साधा, काळा, दोन कळांची अक्षरं पुसलेला. आबांना हाताने चाचपायला दिला, तर त्यांनी नाक मुरडलं.

"ह्यावर? ह्यावर शिकाऊ लोक लिहितात."

"मग मी शिकाऊच आहे," मी म्हटलं. "तुम्ही सांगा. डोळे माझे, बोटं माझी, डोकं तुमचं."

आबांनी कीबोर्ड परत माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात, एस्केपच्या खाली, एक कळ असेल. तिच्यावर टिचभर तिरकी रेघ."

"आहे. हिला तर कोणी हातसुद्धा लावत नाही."

"ती आधी दाब आणि सोड. मग दुसरी कुठलीही कळ दाब. चिन्ह उमटेल. कुठल्या कळेवर कुठलं चिन्ह, ते मला ठाऊक नाही. मी त्या वाटेला कधी गेलोच नाही."

अस्सं! म्हणजे आबांनाही न येणारं काहीतरी होतं तर. मी बाह्या सरसावल्या. कोपऱ्यातली कळ, मग एक अक्षर. पडद्यावर काहीतरी उमटायचं आणि मी त्याचं वर्णन करायचे.

"हा बाण आहे, डावीकडे तोंड केलेला. चौकटी कंसाच्या कळेवर."

"नाव ठेवायचा बाण. उजवीकडे जे असेल ते डावीकडच्या डब्यात भरून ठेव, असं सांगतो."

"हा फुलीसारखा. उणेच्या कळेवर निघाला."

"गुणाकार."

"आणि आयच्या कळेवर आयच आलाय, पण त्याचं टिंब कोणीतरी चोरलंय."

आबा खुर्चीत सरसावून बसले. "आयोटा! अगो, तो फार गुणी आहे. त्याच्यापुढे पाच लिही आणि सांग काय होतं."

मी लिहिलं ⍳५. खंड्यानं लगेच उत्तर दिलं:

१ २ ३ ४ ५

"आता त्याच्या आधी दहा अधिक लिही."

१० + ⍳५ लिहिलं, तर आलं ११ १२ १३ १४ १५. मी बघतच राहिले. शाळेत आम्ही दुसरी भाषा शिकतो. तिच्यात सांगावं लागतं, की पहिला आकडा घे, त्यात दहा मिळव, मग दुसरा घे, त्यात दहा मिळव, संपले का बघ, नसतील तर पुन्हा ये. इथं मी एकदाच म्हटलं, 'दहा अधिक', आणि प्रत्येक आकड्यानं आपलं आपण ऐकलं!

(मी मशीनवर रोमन अक्षरं आणि आकडेच लिहीत होते. तुम्हाला वाचायला सोपं जावं म्हणून इथं मराठीत देते आहे.)

लगेच माझ्या अंगात आलं. मी झटकन लिहिलं २ × ३ + ४. उत्तर यायला हवं दहा. आलं चौदा.

"खंड्या बिघडलाय," मी जाहीर केलं.

"खंड्या ठणठणीत आहे. तू शाळेतला नियम लावलास. गुणाकार आधी, बेरीज मग. या भाषेत कोणी आधी नाही, कोणी मग नाही. उजवीकडून सुरू करायचं आणि डावीकडे येत जायचं. तीन अधिक चार सात, सात दुणे चौदा."

"असला कसला उलटा नियम?"

"चिन्हं पन्नासच्या वर आहेत. कोण आधी, कोण मग, हे प्रत्येकाचं पाठ करत बसशील? त्यापेक्षा एकच नियम बरा."

हे मात्र पटलं. पुढले दिवस मी शाळेतून आले की दप्तर टाकून थेट खोपटात. बोटं सारखी चुकायची. कोपऱ्यातली कळ विसरायचे, मग चिन्हाऐवजी नुसतं अक्षर यायचं आणि खंड्या मख्खपणे प्रश्नचिन्ह दाखवायचा. एकदा तर मी रागानं कीबोर्ड आपटला. आबा शांतपणे म्हणाले, "तो मोडलास तर दुसरी सायकलफेरी तुलाच मारावी लागेल." मी गुपचूप पुन्हा बसले. आईच्या भातातून रोज जावं लागायचं ना. पांढरीशी फुलं कणसांवर लोंबत होती. ती बघितली, की हात आपोआप कीबोर्डकडे वळायचे.

शेवटी आबांनी मुख्य ओळ सांगितली. मला वाटलं होतं पानंच्या पानं लिहावी लागतील. ओळ एवढीशी होती:

दार ← आत > १० + बाहेर

"उजवीकडून वाच," आबा म्हणाले.

"बाहेर, म्हणजे बाहेरच्या पाण्याचे बारा आकडे. प्रत्येकात दहा मिळवले."

"लाटा उसळतात, म्हणून दहा सेंटीमीटर हाताशी ठेवायचे."

"मग आतलं पाणी त्याहून उंच आहे का, असं विचारलं. असेल तर एक, नसेल तर शून्य. म्हणजे बारा दारांची बारा उत्तरं! एक म्हणजे उघड, शून्य म्हणजे बंद. आणि बाणानं ती दारांना देऊन टाकली." माझा मलाच विश्वास बसेना. "आबा, एवढंच?"

"एवढंच. मी कधी जास्त लिहिलंच नाही."

कोजागरीच्या सकाळी आम्ही ओळ सुरू केली. आई मुखाजवळ शेतावर थांबली होती आणि बाबलकाका आपली सौर होडी घेऊन खाडीत. खाडीत होडी चालवणारा असा बाबलकाकासारखा दुसरा माणूस नाही. दोघांकडे वॉकीटॉकी होते. आधी ओहोटी होती तोवर बाराही दारं उघडी राहिली. आबा खुशीत मांडीवर ताल धरून बसले होते. मग पाणी वळलं. पडद्यावर डावीकडून एकेक शून्य उमटू लागलं. पहिलं दार बंद. दुसरं बंद. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला.

"वैजू!" बाबलकाका ओरडत होते. "पयला दार उघडा हा गो! खारा पाणी भसाभस भितर येता!"

"नाही हो काका, पहिलं बंद आहे! माझ्यासमोर शून्य दिसतंय!"

"अगो, माझ्यासमोर पाणी दिसता!"

आईचा आवाज आला, "वैजू, काहीतरी कर. बांधालगतच्या वाफ्यात शिरलं पाणी."

आबा उठून उभे राहिले, चष्म्याकडे हात गेला. "ओळ वाचून दाखव!" मी वाचली. "बरोबर आहे. ओळ बरोबरच आहे!"

ओळ बरोबर असून काय उपयोग, पाणी आत येत होतं! मी एस्केप दाबून ती थांबवली. आधी दारं बंद व्हायला हवीत, सगळी, आत्ता, या क्षणी. बारा शून्यं हवीत. बारा आकड्यांची रांग मला करता येत होती. आणि कशालाही शून्यानं गुणलं की...

दार ← ० × ⍳१२

एंटर दाबला. बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी असलेली सगळी दारं एकदम खाली आली. धप्प! एकच आवाज. खोपटाचा पत्रा थरथरला.

आबा जागच्या जागी थबकले. "हे काय केलंस?"

"मागून सांगते," मी म्हटलं. कारण संकट अर्धंच टळलं होतं. वरून डोंगराचं पाणी येतच होतं आणि आता त्याला बाहेर जायला वाटच नव्हती. गावाकडची दारं लगेच उघडायला हवी होती, नाहीतर तेच पाणी आईच्या शेतात तुंबणार. पण चुकतंय कुठं?

मी वॉकीटॉकी उचलला. "आई, उघडं राहिलेलं दार कुठलं होतं?"

"आपल्या शेताजवळचं. बारावं."

"बारावं नाय, पयला!" बाबलकाका मध्येच म्हणाले.

"अहो भावजी, पहिलं देवळाजवळचं. गावातून मोजत आलं की आमचं बारावं."

"आमी मुखातसून मोजतो. होडी काय देवळातसून सुटता?"

मी कपाळावर हात मारून घेतला. "आबा! बाहेरच्या संवेदकांच्या तारा कोणी ओढल्या?"

"होडीवाल्यांनी. पाण्यातलं काम ना ते."

"आणि आतल्या?"

"शेतकऱ्यांनी. दारांच्या मोटारीही त्यांनीच..." आबा बोलता बोलता थांबले. मग खुर्चीत बसले. "अरे देवा. उलट्या आहेत. दोन रांगा उलट्या आहेत. मी तेव्हा एक चिन्ह घातलं होतं त्यासाठी. रांग फिरवायचं. गोल आणि त्यावर उभी रेघ. इतकी वर्षं झाली, साफ विसरलो गो मी."

म्हणजे खंड्या मुखाजवळच्या दाराचं आतलं पाणी देवळाजवळच्या बाहेरच्या पाण्याशी ताडून बघत होता. देवळाकडे भरती पोचलीच नव्हती, म्हणून मुखाचं दार उघडं! बाबलकाकांचं पहिलं ते आईचं बारावं, आणि दोघंही खरं बोलत होते.

"गोल आणि उभी रेघ कुठल्या कळेवर आहे?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

मी कोपऱ्यातली कळ दाबत सुटले. एक कळ, दुसरी, तिसरी. त्रिकोण आला, टोपी आली, उलटी टोपी आली. गोल आला, पण रेघेशिवाय. वॉकीटॉकीवर आई सांगत होती, "गोडं पाणी गुडघ्याला आलंय गो. कणसं अजून वर आहेत." तिचा आवाज शांत होता, तिनं मुद्दाम शांत ठेवला होता, ते मला कळलं आणि रडूच आलं. मग स्वतःलाच दरडावलं, वैजे, रडायचं नंतर. जे येत नाही ते शोधत बसू नकोस. जे येतं त्यात भागव.

काय येत होतं मला? आयोटा येत होता. १ ते १२. मला हवं होतं १२ ते १. बारा आणि एक तेरा, अकरा आणि दोन तेरा...

तेरातून वजा!

"आबा, रांगेतले आकडे मला हवे त्या क्रमानं उचलता येतात का?"

"रांगेपुढे चौकटी कंस घाल, आत क्रम लिही." आबा पुढे वाकले. "का गो?"

मी लिहिलं:

दार ← आत > १० + बाहेर[१३ − ⍳१२]

आधी कंसातलं उजवीकडून वाचलं. एक ते बारा. प्रत्येकाला तेरातून वजा, म्हणजे बारा, अकरा, दहा, करत करत एक. त्या क्रमानं बाहेरचे आकडे उचलले, म्हणजे होडीवाल्यांची रांग शेतकऱ्यांच्या बाजूनं फिरली. पुढलं सगळं पहिल्यासारखंच. आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. मी एंटर दाबला.

देवळाकडची दारं करकरत वर गेली. मुखाकडची बंदच राहिली. मी पडद्याकडे बघायचं सोडून बाहेर धावले. खाडीत गढूळ गोडं पाणी भडाभडा पडत होतं. थोड्या वेळानं भरती वर सरकत आली आणि दारं एकामागून एक, मुखाकडून देवळाकडे, आपापली खाली बसत गेली. ऐन दुपारी खाडी बांधाच्या काठोकाठ भरली, पण आत थेंब आला नाही.

आई चिखलानं माखून आली. बांधालगतचा एक वाफा गेला होता. बाकी सगळं भात उभं होतं. तिनं मला पोटाशी धरलं आणि मग मात्र मी मनसोक्त रडून घेतलं.

"तुमच्या त्या फिरवणाऱ्या चिन्हापेक्षा हिचं लांब झालं हो," आई आबांना चिडवत म्हणाली.

"होऊ दे लांब," आबा म्हणाले. "तिचं तिनं केलंय." मग माझ्याकडे तोंड करून, "आता सांग. मघाशी बारा दारं एकदम कशी बंद केलीस? पळत गेलीस?"

मी हसले. "नाही आबा. एकदाच सांगितलं, आणि सगळ्यांनी आपापलं ऐकलं."

आबांनी चष्मा काढून डोळे पुसले. डॉक्टरांनी मनाई केली होती तरी. "माझे बाबा शंख फुंकायचे ना," ते म्हणाले, "तेव्हा ते कुठल्याच घरी जायचे नाहीत गो. मी लहानपणी ते बघितलं, म्हणून मला ही भाषा आवडली."

भात कापून झालं, तेव्हा आईनं बियाण्याची पोती ओटीवर मांडली आणि सगळ्या गावाला बी वाटलं. कुलपं लावून गेलेल्या घरांपैकी दोन घरं बी मागायला परत आली. नेट सुरू झाल्यावर आबांना नवा खास कीबोर्ड मागवता आला असता. त्यांनी मागवला नाही. आता ते माझ्याकडून कोपऱ्यातली कळ शिकतात, चुकतात आणि माझ्यावरच चिडतात. गोलावर उभी रेघही सापडली. ती शिफ्ट धरून पाचावर दडली होती. पण खंड्यात आबांनी माझीच ओळ ठेवली आहे.

काल पलीकडच्या गावाची माणसं आली होती. त्यांच्या बांधाला चाळीस दारं आहेत. केवढी मोठी ओळ लिहावी लागेल, म्हणून ती बिचारी काळजीत होती. मी म्हटलं, तेवढीच. बाराच्या जागी चाळीस, तेराच्या जागी एक्केचाळीस. फक्त आधी मला एक सांगा, तुमच्याकडे पहिलं दार कुठलं, आणि ते होडीवाल्यांनाही विचारून या. साधा कीबोर्ड घेऊन मी रविवारी येते.